कंसातलं नाव

२०१६ च्या फेब्रुवारीत व्हँकुव्हरला टेडच्या मंचावर लिनस टोरवाल्ड्सची मुलाखत झाली. लिनक्स लिहिणारा तो हाच. क्रिस अँडरसन प्रश्न विचारत होते. मध्येच पडद्यावर कोडच्या दहा-बारा ओळी आल्या आणि टोरवाल्ड्स अभिरुचीबद्दल बोलायला लागला. कोडमधली 'गुड टेस्ट' म्हणजे काय हे दाखवायला त्यानं निवडलेलं उदाहरण अगदी साधं होतं: यादीतून एक नोंद काढून टाकणं. एकच काम, दोन पद्धतींनी लिहिलेलं. पहिली पद्धत कॉलेजात शिकवतात ती. दुसरी त्याच्या मते चांगल्या अभिरुचीची.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी हा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला. मग नोकरी लागली, आणि कोणी नवीन मुलगा टीममध्ये आला की त्याला ही लिंक पाठवायची सवय लागली. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांचं नाव सातबाऱ्यावरून कमी करायचं काम माझ्याकडे आलं आणि त्या दिवसांत, मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये रात्री लॅपटॉप उघडून बसलेलो असताना, मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. एका टॅबमध्ये टोरवाल्ड्सच्या ओळी, दुसऱ्यात आमच्या शेताचा सातबारा. दोन्ही मजकूर एकाच कामाबद्दल होते. या लेखात मला दोन्हींची समीक्षा करायची आहे. सातबाऱ्याची समीक्षा कोणी करत नाही, पण महाराष्ट्रात तो जितका वाचला जातो तितकी कुठलीही कादंबरी वाचली जात नसेल.

डबा आणि कपलिंग

आधी टोरवाल्ड्सचा कोड. ज्यांनी कधी प्रोग्रामिंग केलं नाही त्यांच्यासाठी मनीषनगरचं रेल्वे फाटक कामाचं आहे. उड्डाणपूल व्हायच्या आधी आमचं अर्धं बालपण त्या फाटकाशी गेलं. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मालगाडीचे डबे मोजायचे. चाळीस, पन्नास, कधी साठाच्या वर. मधेच गणती चुकायची.

लिंक्ड लिस्ट म्हणजे अशी गाडी. इंजिनाला फक्त पहिला डबा ठाऊक, पहिल्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. सगळी यादी एकत्र कुणालाच ठाऊक नसते. आता मधला एक डबा काढायचा आहे. कॉलेजची पद्धत अशी: इंजिनाकडून चालत निघा, नको असलेला डबा येईपर्यंत. चालताना आधीचा डबा लक्षात ठेवा. डबा सापडला की आधीच्याला पुढच्याशी जोडा. पण पहिलाच डबा नको असेल तर? त्याच्या आधी डबा नाही, इंजिन आहे. म्हणून एक वेगळी अट लिहावी लागते. माझ्या मराठीत तो कोड असा होईल:

आधीचा = कोणी नाही
चालू = पहिला डबा
जोवर चालू हा नकोसा डबा नाही, तोवर:
– आधीचा = चालू
– चालू = चालूच्या पुढचा
जर आधीचा कोणी नसेल:
– इंजिनाला नकोशाच्या पुढचा जोडा
नाहीतर:
– आधीच्याला नकोशाच्या पुढचा जोडा

टोरवाल्ड्स म्हणतो, ही 'जर'ची ओळच नको. डबे बघत चालू नका, कपलिंग बघत चाला. इंजिनालाही कपलिंग आहे, डब्यालाही आहे, आणि कपलिंगच्या नजरेतून दोन्ही सारखीच:

कपलिंग = इंजिनाचं कपलिंग
जोवर या कपलिंगला नकोसा डबा लागलेला नाही, तोवर:
– कपलिंग = त्याला लागलेल्या डब्याचं कपलिंग
या कपलिंगला नकोशाच्या पुढचा जोडा

संपलं. पहिला डबा असो वा चाळिसावा, काम एकच. टोरवाल्ड्सच्या म्हणण्याचा गाभा हा की प्रश्नाकडे वेगळ्या जागेवरून पाहिलं की अपवाद नाहीसा होतो आणि नेहमीचाच प्रसंग उरतो. 'जर' कुठे लपवला नाही की दुसऱ्या फंक्शनमध्ये ढकलला नाही, त्याची गरजच संपली.

हे वाचताना मला होणारा आनंद कशाचा आहे, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला होता. मराठीत त्याचं उत्तर द्यायची सोय आहे. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये कलाकृतीच्या घाटाचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वं मांडली. कलाकृतीचं सौंदर्य तिच्या घटकांच्या आपसातल्या नात्यात असतं. तिनं बाहेरच्या जगाला काय दिलं यात नव्हे. टोरवाल्ड्सच्या ओळींना हे चपखल लागू पडतं. इंजिन आणि डबा यांच्यातला विरोध कपलिंगच्या संवादात विरतो. त्या गाडीत कोळसा आहे की कापूस, याची चौकशी न करता तुम्ही दाद देऊ शकता.

शाळेत आपण सगळ्यांनी फडके आणि खांडेकर यांच्या नावावर 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा निबंध लिहिलेला असतो. मी तेव्हा खांडेकरांच्या बाजूनं लिहायचो, कारण मार्क जास्त मिळायचे. प्रोग्रामर झाल्यावर नकळत फडक्यांच्या पक्षात गेलो. चांगला कोड म्हणजे नेटका कोड. तो कशावर चालतो ते क्लायंट बघेल. गेल्या वर्षी हा पक्ष जरा डळमळला.

डब्याचं पुढे काय होतं

टोरवाल्ड्सच्या दुसऱ्या पद्धतीत एक गोष्ट पाचव्या-सहाव्या वाचनात दिसते. काढलेल्या डब्याला कोणी हातच लावलेला नाही. इंजिनापासून चालत गेलात तर तो आता भेटणार नाही, म्हणून तो 'काढला' असं म्हणायचं. पण त्याचं स्वतःचं कपलिंग अजून पुढच्या डब्याकडेच बोट दाखवतंय. यादी त्याला विसरली, तो यादीला विसरलेला नाही.

हा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्या काढलेल्या नोंदीचं काय करायचं, ते बोलावणाऱ्यानं ठरवायचं असतं. पण उदाहरण कुठे संपतं हे समीक्षकानं पाहायला हवं. ते गाडी पुन्हा जुळली की संपतं. सौंदर्य सगळं उरलेल्यांचं आहे.

लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रत्यक्षात वापरलं जाणारं यादीचं काम याहून कठोर आहे. तिथे नोंदीला दोन्ही बाजूंचे पत्ते माहीत असतात, आणि नोंद काढली की तिच्या दोन्ही हातांत मुद्दाम खोटे पत्ते ठेवले जातात. त्या पत्त्यांचं कोडमधलं नावच 'पॉइझन' आहे. काढलेल्या नोंदीवरून कोणी चुकून यादीत शिरायला गेलं, तर प्रोग्राम तिथंच कोसळावा आणि चूक लगेच सापडावी, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण शब्द लक्षात राहतो.

काढण्यासाठी आमच्याकडे शब्द भरपूर आहेत आणि बरेचसे दिशाभूल करणारे. सी++ मधलं 'रिमूव्ह' काहीच काढत नाही. ठेवायच्या वस्तू पुढे सरकवतं आणि शेपटाकडचा कचरा तसाच सोडतं, तो छाटायला वेगळं 'इरेज' बोलवावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये यादीतल्या वस्तूवर 'डिलीट' चालवलं तर वस्तू जाते पण तिची जागा भोक होऊन राहते, आणि यादीची लांबी होती तेवढीच. पायथनचं 'रिमूव्ह' नावावरून शोधतं आणि पहिला जो सापडेल त्याला काढतं. त्याच नावाचे दोघं असतील तर दुसरा राहतो. यातल्या एकाही शब्दाला 'का काढलं' हे सांगायची जागा नाही.

पहिल्या नोकरीत मी एक चूक केली होती. संदेश नको म्हणणाऱ्या ग्राहकांना यादीतून काढायचं होतं. यादीवरून चालता चालताच मी नावं काढत गेलो. राशनच्या रांगेत तुम्ही माणसं मोजताय आणि तिसरा निघून गेला, तर चौथा तिसऱ्याच्या जागी सरकतो. तुम्ही मात्र पुढच्या जागेकडे पाहता. तो सरकलेला माणूस तपासलाच जात नाही. माझ्या यादीत जिथे अशी दोन नावं लागोपाठ होती तिथे दुसरं सुटलं. एका माणसानं तीनदा कळवूनही त्याला संदेश जात राहिले, कारण दर वेळी त्याच्या आधीच्या जागेवरचं कोणी ना कोणी काढलं जात होतं. आमच्या लीडनं शांतपणे एवढंच म्हटलं, "भाऊ, काढताना ज्याला काढतो त्याच्याकडे बघतोस. शेजारच्याकडे बघ."

मयताचे नाव कमी करणे

आता दुसरा मजकूर. ई-हक्क नावाच्या सरकारी प्रणालीत फेरफारासाठी अर्ज करता येतो. कोणत्या कामासाठी, त्याची यादी समोर येते. तिथे एक पर्याय आहे: 'मयताचे नाव कमी करणे'. मी त्या पर्यायावर बोट ठेवून बराच वेळ थांबलो. दिवसभर मी डिलीटची बटणं बनवतो, पण इतकं सरळ नाव असलेलं बटण पाहिलं नव्हतं.

'कमी करणे' हा महसुली मराठीचा शब्द आहे. नाव कमी करतात, बोजा कमी करतात, शेरा कमी करतात. पुसत नाहीत, खोडत नाहीत. आणि 'कमी' करताना प्रत्यक्षात काय होतं? जुन्या हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर त्या नावाला कंस केला जायचा. नाव कंसात, शेजारी ज्या फेरफारानं ते कमी झालं त्याचा क्रमांक, खाली नवीन नावं. २०२० नंतरच्या नव्या संगणकीय नमुन्यात कंसातल्या नावावर आडवी रेघही येते. नाव तरीही वाचता येतं. रेघ बारीक आहे.

त्या क्रमांकामागं एक अख्खी वही असते, गाव नमुना ६. सातबाऱ्यावरचा प्रत्येक बदल आधी तिथे लिहायचा. वर्दी आली, नोंद धरली, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस गेली, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत चढली, नाही आली तर मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. मग सातबाऱ्यावर कंस. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातला हा क्रम वाचताना मला आमच्या धंद्यातल्या निम्म्या कल्पना तिथे बसलेल्या दिसल्या. आम्ही 'सॉफ्ट डिलीट' म्हणतो: ओळ पुसायची नाही, तिच्यावर 'काढली' अशी खूण करायची. कर्नलमध्ये काही याद्यांत नोंद काढल्यावर लगेच नष्ट करत नाहीत. जे कोणी त्या क्षणी यादी वाचत असतील त्यांचं वाचून होईपर्यंत थांबतात. त्या थांबण्याला 'ग्रेस पीरियड' म्हणतात. तिथे तो संगणक मोजतो. इथे १५ दिवस.

टोरवाल्ड्सच्या मापानं सातबारा कुरूप आहे. अपवादांची गर्दी, संक्षेपांची गर्दी. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मूल सज्ञान होऊन म्हातारं झालं तरी पालनकर्त्याचा शेरा तसाच. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम चालली, ती अशाच साचलेल्या नोंदींसाठी: आधी मृत खातेदारांच्या जागी वारस लावायचे, मग हे जुने शेरे आणि बोजे कमी करायचे. जिवंत ठेवायचं म्हणजे मेलेल्यांची नावं कमी करायची, असं ते नाव सुचवतं, आणि ते खरंही आहे. आजोबांच्या नावावर बँक नातवाला पीककर्ज देत नाही. काढणं हे नेहमी वाईट नसतं; बाबांचं नाव कमी केल्याशिवाय आईचं लागणार नव्हतं.

आमची वारस नोंद मंजूर झाली. बाबांच्या नावावर रेघ आली. खाली आई, मी आणि ताई. मी पान वर सरकवलं आणि बाबांच्या वर अजून एक रेघ दिसली. आत्या.

एक 'जर'

आजोबा १९८८ साली गेले. त्या वेळच्या वारस फेरफारात आजी, बाबा, काका आणि आत्या अशी चार नावं लागली होती. पाच वर्षांनी, १९९३ साली, आत्याचं नाव कमी झालं. त्या फेरफाराची नक्कल मी काढून आणली. झेरॉक्सच्या फिकट अक्षरांत चार ओळी. भावांच्या प्रेमापोटी, राजीखुशीने, विनामोबदला हक्क सोडल्याचा जबाब दिला, सबब नाव कमी केले. खाली सही.

समीक्षक म्हणून या चार ओळींबद्दल बोलायला हवं, कारण सातबाऱ्याची जी स्तुती मी वर केली ती इथे अडते. ही पद्धत 'का काढलं' हे लिहून ठेवते. पायथन ठेवत नाही. पण कारण लिहितो कोण? शब्द लिहिणाऱ्याचे आहेत आणि साचा ठरलेला आहे. प्रेम हा शब्द त्या साच्यात आधीपासून छापल्यासारखा बसलेला. आत्याची त्यात एकच गोष्ट आहे, सही. तिला वाकडी वेलांटी काढायची सवय होती, ती तिथे आहे. बाकी सगळं उरलेल्यांनी लिहिलेलं.

आत्याच्या पिढीला कायद्यातच एक 'जर' होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच हक्क मान्य ठेवला. मुलीला मिळायचा तो वडील गेल्यावर त्यांच्या वाट्यातला वाटा. १९९४ साली महाराष्ट्रानं दुरुस्ती करून मुलींनाही जन्मतः हक्क दिला, पण ज्यांचं लग्न आधीच झालं होतं त्यांना वगळून. आत्याचं लग्न १९८६ चं. म्हणजे कायदा असा होता: जर मुलगा असेल तर हे, नाहीतर, जर मुलगी असेल आणि लग्न या तारखेआधी झालं नसेल तर हे, नाहीतर ते. कॉलेजच्या पद्धतीचा कोड. अपवादाला अपवाद जोडत गेलेला.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं तो 'जर' काढला. मुलगी जन्मानं सहदायाद, मुलाइतकीच. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक शंका मिटवली: २००५ साली वडील जिवंत असायलाच हवेत असं नाही. कायद्यानं डबे बघणं सोडलं आणि कपलिंग बघितलं. जन्म हे कपलिंग; ते मुलालाही आहे आणि मुलीलाही. मी हे निकालपत्र टोरवाल्ड्सच्या नजरेनं वाचलं आणि त्याच्याबद्दलचा माझा आदर वाढला. अपवाद विरघळवणं ही निव्वळ नेटकेपणाची गोष्ट आहे असं मला वाटत होतं. अपवाद ज्या माणसावर बसतो त्याच्या बाजूनं ती वेगळी दिसते. इथे फडके आणि खांडेकर एकाच ओळीत बसले.

पण कोडमधून काढलेला 'जर' कधी कधी दुसरीकडे उगवतो. आमच्याकडे तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उगवला. काका चहा घेत म्हणाले, "ताईचं नाव लावून घ्या, लावावंच लागते. मग लगेच हक्कसोड करून टाका. नंतर कागदपत्रं जमवत बसन्यापेक्षा एकाच खेपेत होऊन जाते." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. ते मला मदत करत होते. त्यांच्या डोक्यातली यादी तशीच चालते: मुलीचं नाव लागतं ते कमी होण्यासाठी.

ताई तिथेच होती. काही बोलली नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं.

कर्नलमध्ये काढलेल्या नोंदीच्या हातात विष देतात असं मी वर म्हटलं. घरात उलटं आहे. ज्या बहिणीनं सही केली तिचं माहेर राहतं: दिवाळीला बोलावणं, साडी-चोळी, संत्र्याची पेटी. जी सही करायला नाही म्हणते तिच्या दोन्ही हातांत ते पत्ते येतात. मग त्या वाटेनं कोणी चालत नाही. 'राजीखुशीने' हा शब्द या हिशोबासकट वाचावा लागतो.

आणि मला लीडचं वाक्य आठवलं. १९९३ साली आत्याला काढताना सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं असेल. तिच्या मागं कोण सरकत येतंय, तिकडे कोणाचं लक्ष असणार? ताई तेव्हा जन्मलीही नव्हती.

त्याचाच दुसरा मजकूर

टोरवाल्ड्सवर अन्याय व्हायला नको, म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. २००५ साली, म्हणजे कायद्यातली दुरुस्ती झाली त्याच वर्षी, त्यानं गिट लिहिलं. आज जगातले बहुतेक प्रोग्रामर आपलं काम त्यात ठेवतात. गिटमध्ये तुम्ही ओळ काढता, फाइल काढता, पण जुन्या नोंदींत ती राहते. प्रत्येक बदलाला क्रमांक, नाव, तारीख आणि 'का' लिहायची जागा. इतिहास पुन्हा लिहिता येतो, पण तो मुद्दाम लिहावा लागतो आणि बाकीच्यांच्या प्रतींत जुना राहिलेला असतो. नमुना ६ ची वहीच म्हणा.

म्हणजे माग न ठेवता काढणं आणि माग ठेवून काढणं, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं आहे. कर्नलच्या आतली यादी सेकंदाला हजारदा बदलते. तिथे प्रत्येक काढलेल्या नोंदीला कंस करत बसलात तर यंत्र गुदमरेल. माणसांच्या कामाचा इतिहास ठेवायचा तेव्हा त्यानं काहीच पुसलं जाणार नाही अशी रचना केली. टेडच्या मंचावरच्या ओळी आम्ही अभिरुचीचा एकमेव नमुना म्हणून पाठवत राहिलो, ही चूक आमची. माझीही.

दोन्ही मजकूर शेजारी ठेवल्यावर माझा निवाडा असा आहे. काढणं चांगलं झालं की नाही हे दोन प्रश्नांवरून ठरतं. ते कोणासाठी वेगळी अट लावून केलं का? आणि नंतर येणाऱ्याला कळेल का की इथे कोण होतं आणि का नाही? टोरवाल्ड्सच्या ओळी पहिल्या प्रश्नाला उत्तम उतरतात. दुसरा त्यांना विचारलेलाच नाही. सातबारा दुसऱ्या प्रश्नाला उतरतो, पण कारणाच्या रकान्यात तो उरलेल्यांचाच आवाज ऐकतो, आणि पहिल्या प्रश्नावर त्यानं आत्याच्या वेळी मार खाल्ला. कंस म्हणजे न्याय नव्हे. पुरावा आहे. पण पुसून टाकलं असतं तर मला आज हा लेखही लिहिता आला नसता. मला वाटत राहिलं असतं की यादीत आधीपासून दोघंच भाऊ होते.

ताईचं हक्कसोड आम्ही केलं नाही. काकांचा पुन्हा फोन आला तेव्हा म्हणाले, "आत्ता नाही तर नंतर करा." मी म्हटलं, "काका, नंतरही नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग संत्र्याच्या बहाराबद्दल बोलायला लागले. अजून बोलणं चालू आहे. दिवाळीला काय होतं ते बघायचं.

आत्याला मी वर्ध्याला फोन केला. सांगितलं की बाबांची नोंद झाली आणि तुझंही नाव तिथे दिसलं.

"माह्यं नाव हाय तिथं अजून?"

"आहे आत्या. कंसात आहे. वर रेघ आहे, पण वाचता येतं."

ती काही बोलली नाही. मग विचारलं, विहिरीजवळच्या धुऱ्यावरचा आंबा अजून आहे का, आणि धुऱ्याच्या पलीकडच्या वावरात आता कोण असते. तेहतीस वर्षांपूर्वी कमी झालेली नोंद, आणि पुढचा पत्ता तिला तोंडपाठ होता. मला त्या आंब्याबद्दल काहीच माहीत नव्हतं.

सातबाऱ्याची पीडीएफ मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मोबाइलवर अक्षर बारीक दिसते म्हणाली. कागदावर काढून पाठव.